काहूनचा रकाना

कारंजा लाडला लोक गुरुमंदिरात दर्शनाला जातात, जैन मंदिरं बघायला जातात, बाजारात कापूस घेऊन जातात. मी गेले ती गणितातल्या एका वाक्यासाठी. ते वाक्य माझ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधात सत्तेचाळिसाव्या पानावर होतं, ते चुकीचं होतं, आणि ते दुरुस्त करायला आमच्याकडे बारा दिवस उरले होते.

विद्यार्थिनीचं नाव प्रणाली. कारंज्याहून मानोऱ्याच्या रस्त्यावर इंझोरी नावाचं गाव आहे, तिथली. चार वर्षं पुण्यात माझ्या हाताखाली पीएच.डी. करत होती. डिसेंबरात बाहेरच्या परीक्षकांचं पत्र आलं, त्यानंतर ती ‘दोन दिवस घरी जाऊन येते’ म्हणून गेली आणि महिना झाला तरी आली नाही. फोनवर ‘हो मॅडम, बघते मॅडम.’ मग एका सकाळी निरोप आला: ‘मी आता घरची चक्कीच बघते. तुम्ही नवीन विद्यार्थी घ्या.’ मी तो निरोप वाचला, चहा ओतून दिला, तिकीट काढलं आणि येत असल्याचं तिच्या घरी कळवलं. उत्तर मुदतीत गेलं नाही तर तिची नोंदणी रद्द होणार होती आणि चार वर्षं पाण्यात.

गणिताचं नाव काढलं की ज्यांची दाढ दुखते त्यांनी पुढचे दोन परिच्छेद तेवढे सोसावेत. मॅट्रिक्स म्हणजे आडव्या-उभ्या रांगांत मांडलेले आकडे. त्यांचा गुणाकार करता येतो, पण त्यांची एक खोड आहे: ‘अ गुणिले ब’ आणि ‘ब गुणिले अ’ यांचं उत्तर सहसा एक येत नाही. आधी फोडणी मग पाणी आणि आधी पाणी मग फोडणी, यांत जेवढा फरक तेवढा इथेही पडतो. आता अशा मॅट्रिक्सचं एक सूत्र करा. त्याला आम्ही बहुपदी म्हणतो. सर्वांत सोपी बहुपदी म्हणजे अब वजा बअ. साध्या आकड्यांत तिचं उत्तर कायम शून्य. मॅट्रिक्स घातल्या तर मात्र बाहेर नवी मॅट्रिक्स पडते, आणि तिच्या तिरक्या ओळीतल्या, म्हणजे डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यात जाणाऱ्या ओळीतल्या, आकड्यांची बेरीज नेहमी शून्य असते. गंमत अशी की उलटही खरं आहे. तिरकी बेरीज शून्य असलेली कुठलीही मॅट्रिक्स सांगा, ती या यंत्रातून काढून दाखवता येते.

म्हणजे प्रश्न असा: अमुक एका बहुपदीतून बाहेर काय काय पडू शकतं? आणि त्याच्या पोटातला प्रश्न: बाहेर पडलेल्या दोन उत्तरांची बेरीजसुद्धा त्याच बहुपदीतून बाहेर पडते का? एका ठरावीक जातीच्या बहुपद्यांसाठी ती पडत असावी असा जाणकारांचा कयास आहे, पण सगळीकडे सिद्ध कोणी केलेलं नाही. तीन बाय तीनच्या मॅट्रिक्सवर प्रणालीने त्यातला एक तुकडा सोडवला होता. पान सत्तेचाळीसवर लिहिलं होतं, ‘दोन्ही उत्तरं याच बहुपदीची असल्याने त्यांची बेरीजही याच बहुपदीचं उत्तर आहे, हे स्पष्ट आहे.’ परीक्षकांनी त्याखाली रेघ मारून लिहिलं होतं, ‘हे स्पष्ट नाही. हेच तर सिद्ध करायचं आहे.’

अशा शेऱ्यानंतर माणूस चक्की चालवायला जातो यात नवल नाही.

धनज, चुकून

मूर्तिजापूरला रेल्वेतून उतरून एसटीने कारंजा गाठलं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. जानेवारीचं छान कोवळं ऊन होतं. स्टँडवर एक गाडी सुटायच्या बेतात उभी होती. दार उघडं, कंडक्टर ‘चला, चला’ म्हणतोय. ही गाडी माझीच असणार याबद्दल मला शंका नव्हती. मी चढले, खिडकी मिळवली, आणि रेल्वेत जुळवलेली दुरुस्ती मनात पुन्हा घोळवत बसले. हो, मी प्रवासात त्या वाक्यावर इलाज शोधून काढला होता आणि स्वतःवर भलतीच खूश होते.

गाव मागे पडल्यावर कंडक्टर तिकिटं फाडत आला. मी म्हटलं, “एक इंझोरी.”

“इंझोरी?” तो थांबला. “मॅडम, हे गाडी धनजची हाये. इंझोरी त पार तिकडं राह्यली.”

शेजारच्या बाईंनी मान वळवून मला नीट न्याहाळलं. मांडीवर पिशवी, पिशवीत उकडलेल्या तुरीच्या शेंगा. “बोर्ड नाई पाह्यला?”

“नाही पाहिला.”

“काहून?”

पुण्यात अशा वेळी शेजारची बाई ‘अगं बाई!’ म्हणते आणि खिडकीबाहेर बघते. फार तर घरी गेल्यावर सांगते. इथे काहून म्हणजे का, आणि तो विचारला की उत्तर येईपर्यंत तोंडाकडे बघत राहायचं अशी पद्धत. मी म्हटलं, “मला वाटलं हीच असेल.”

“वाटलं मनून बसल्या?” त्या हसल्या. “घ्या, शेंगा खा. आता धनज पाहूनच जा.”

तर मी धनज पाहिलं. दोन्ही बाजूंना तुरीची वावरं, काही कापून पेंढ्या उभ्या केलेल्या, मधे हरभऱ्याचे हिरवे पट्टे. स्टँडजवळच्या हॉटेलात आलुबोंडा घेतला. त्यावर मालकाने न विचारता तर्री ओतली आणि माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं. शेंगावाल्या बाईंचं घर तिथून पाच मिनिटांवर होतं, पण परतीची गाडी येईपर्यंत त्या माझ्याबरोबर बसून राहिल्या. “तुमी एकट्या बसान त अजून कुटं जासान,” असं त्यांचं म्हणणं. गाडी आल्यावर त्यांनी आधी बोर्ड वाचला, मग ड्रायव्हरला विचारलं, मग मला चढू दिलं. मला थोडा राग आला होता, तो त्यांच्यावर नव्हता.

इंझोरी

चक्की विचारावी लागली नाही, आवाजावरून सापडली. रस्त्याला लागून पत्र्याची खोली, मागे घर. आत पीठ उडत होतं आणि त्या पिठात प्रणाली उभी होती, ओढणी डोक्याला बांधलेली, भुवया पांढऱ्या. मला पाहून तिने पहिल्यांदा मशीन बंद केलं.

“मॅडम, तुमी कायले…” म्हणाली, मग थांबून, “तुम्ही कशाला त्रास घेतला?”

चार वर्षांत तिच्या तोंडून ‘तुमी कायले’ मी कधी ऐकलं नव्हतं. पुण्यात ती माझ्यासारखं बोलायची, किंबहुना माझ्याहून जपून. मी उत्तर द्यायच्या आत तिची आई पुढे आली. निर्मलाबाई. उंच, सडसडीत, कमरेला पदर खोचलेला. “या जी. सकायपासून वाट पाहून राह्यलो. दहाच्या गाडीनं येनार होत्या न?”

मी धनजचं सांगितलं. मायलेकी एकमेकींकडे बघून हसल्या. प्रणाली हसली याचंच मला एवढं बरं वाटलं की माझी फजिती कामी आली म्हणायची.

चक्कीच्या भिंतीवर एक मोठी काळी पाटी होती. तिच्यावर खडूने तीन रकाने आखले होते: नाव, धान्य, आणि तिसऱ्याच्या डोक्यावर ‘काहून’. मला वाटलं हा काहीतरी विनोद आहे. नव्हता. गिऱ्हाईक डबा घेऊन आलं की निर्मलाबाई विचारतात, जाड की बारीक? ते म्हणतं, जाड. मग त्या विचारतात, काहून? आंबिलीसाठी म्हटलं तर एक जाड, घरात लेकरू नुकतं खायला लागलंय म्हटलं तर वेगळं. कारण समजल्याशिवाय त्या दगडाला हात लावत नाहीत.

“लोकं जाड मनतात न, त्याइचं जाड येगयं येगयं असते,” त्या म्हणाल्या. “काहून समजलं का दगड किती ढिला कराचा थे समजते.” इथे ‘ळ’चा ‘य’ होतो: वेगळं ते येगयं, दळून ते दयून.

आमच्या पुण्याच्या गिरणीत डबा ठेवायचा, चिठ्ठी डकवायची आणि संध्याकाळी पीठ न्यायचं. जसं येईल तसं. मला हा प्रकार जरा लांबण लावणारा वाटला, पण दुपारच्या भाकरीने मला गप्प केलं. कळण्याची भाकर, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, वर सोल्यांची भाजी, ओल्या तुरीच्या दाण्यांची. मी तीन भाकरी खाल्ल्या. प्रणालीचे बाबा हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात गेले होते. त्यांच्या वाट्याची एक बहुधा त्यात होती.

जेवताना निर्मलाबाईंनी विचारलं, “मॅडम, पोरगी पास होईन का?”

“त्यासाठीच आलेय,” मी म्हटलं. प्रणाली ताटात बघत होती.

दुसरा दिवस

सकाळी लाइन गेली. वीज नसली की चक्की बंद, म्हणून आम्हाला वेळ मिळाला. मी पाटीचा रिकामा कोपरा धरला आणि रेल्वेतली दुरुस्ती मांडली. चांगली दहा मिनिटं, हातवारे करून. थोडक्यात असं की या बहुपदीतून पुरेशा वेगवेगळ्या मॅट्रिक्स बाहेर पडतात, त्या हव्या तशा फिरवता येतात, आणि मग त्यांच्यापासून बाकीच्या सगळ्या तयार होतात.

प्रणाली पोत्यावर बसून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “तयार होतात म्हणजे बेरीज करून?”

“हो.”

“बेरीज कुठून आली?”

“अगं, ते तर…” आणि मी तिथेच थांबले. पुढचा शब्द तोंडात आला होता. परीक्षकांनी ज्याच्याखाली रेघ मारली होती तोच. सातशे किलोमीटरचा प्रवास करून मी तीच चूक पुन्हा तिच्या दारात आणून ठेवली होती.

“मॅडम, सोडा ना,” ती हळूच म्हणाली. “नाही होत ते. मी महिनाभर बघितलंय.”

निर्मलाबाई कोपऱ्यात सुपात गहू पाखडत होत्या. त्यांचा हात थांबला होता. मला त्या क्षणी सरळ पुण्याला पळून जावंसं वाटलं.

मग लाइन आली. एक म्हातारेबाबा ज्वारी आणि उडीद घेऊन आले, कळण्यासाठी. प्रणालीने दोन्ही एकत्र करून वरून ओतलं, खालच्या कापडी बाहीतून मिसळलेलं पीठ पडलं. पाच मिनिटांचं काम. त्यांच्यामागे शेजारच्या मंदाबाई, दोन डबे घेऊन, घाईत.

“ज्वारी जाड अन गहू बारीक. पन दोनी संगंच दयून दे, एकाच डब्यात. मले बस पकडाची हाये.”

“संगं नाई होत, बापा,” निर्मलाबाई म्हणाल्या. “दगड एकच हाये न. संगं दयाचं त एक त दोनी जाड येईन, नाईत दोनी बारीक. येगयं पाह्यजे त दोनदा दया लागन.”

“त्या बाबाचं कसं संगं झालं?”

“त्याचा दगड तोच होता. नुसतं धान्य दोन होतं.”

मी पोत्यावरून उठून उभी राहिले. आम्ही घेतलेल्या जातीच्या बहुपदीत अनेक जागा असतात आणि प्रत्येक जागी एक मॅट्रिक्स घालायची असते. दोन उत्तरांची बेरीज कधी बिनघोर करता येते? बाकी सगळ्या जागा जशाच्या तशा ठेवून फक्त एकाच जागेची मॅट्रिक्स बदलली असेल, तर. दगड तोच, धान्य वेगळं. दोन जागा बदलल्या की खात्री संपली. मी ओरडलेच, “प्रणाली, हे बघ, आई काय म्हणाल्या! हेच तर आपलं वाक्य आहे!”

प्रणालीने वर पाहिलं नाही. ती दगडाचं चाक फिरवत राहिली.

“हाव न,” निर्मलाबाई सहज म्हणाल्या. “थे त तिनं वहीत लिवलं होतं. मलेच इचारून लिवलं. तुमी पाह्यलं असन.”

“माय, राहू दे,” प्रणाली म्हणाली. पण माय तोवर फळीकडे गेली होती. नटबोल्टचे पाने आणि ब्रश ठेवलेल्या डब्याखालून तिने एक वही काढली, पदराने पीठ झटकलं आणि माझ्या हातात दिली.

कच्ची वही होती, दुसऱ्या वर्षातली. प्रत्येक पानाचे दोन भाग केलेले. डावीकडे गणित, उजवीकडे अरुंद रकाना, आणि त्याच्या डोक्यावर लिहिलेलं, काहून. प्रत्येक ओळीसमोर कारण. ती वही तेव्हा मी तपासली होती, कारण पानोपानी माझी हिरवी शाई होती. माझ्या विभागात त्या शाईला सगळे घाबरतात आणि मला त्याचं कौतुक वाटत असे.

निर्मलाबाईंनी बरोबर ते पान उघडलं. डावीकडे प्रणालीच्या अक्षरात: ‘बाकीच्या सगळ्या जागा तशाच ठेवल्या असतील तर दोन उत्तरांची बेरीज करता येते.’ उजवीकडे, काहूनमध्ये: ‘माय म्हणते, दगड तोच असला तर दोन धान्यांचं पीठ एकदम येते. दगड बदलला तर नाही.’ आणि या सगळ्यावर एक लांबलचक हिरवी रेघ. त्या रेघेने ‘बाकीच्या सगळ्या जागा’पासून ‘तर’पर्यंतची अट खोडली होती, आईचा दगडही खोडला होता. खाली एक शेरा होता.

“मले छापील वाचता येते,” निर्मलाबाई म्हणाल्या. “हे हिरवं नाई लागत. काय लिवलं जी?”

प्रणाली म्हणाली, “काही नाही गं.”

मला वाचायचं नव्हतं. पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, धनजच्या बाईंसारख्याच. मी वाचलं. “स्पष्टच आहे. काढ. थीसिसमध्ये आई नको.”

चक्की चालू होती म्हणून बरं. एवढ्या आवाजात मंदाबाईंना तरी ते ऐकू गेलं नसेल, असं मी धरून चालले.

निर्मलाबाई हसल्या. खोटं नाही, खरोखर हसल्या. “बरोबर हाये न. मी कायले पाह्यजे थीसिसात? पन दगड त पाह्यजे होता.”

मंदाबाईंची बस एव्हाना गेली होती, पण त्या जागच्या हलल्या नव्हत्या.

मी प्रणालीला विचारलं, “पत्र आल्यावर तू हे का नाही सांगितलंस? तुझं बरोबर होतं. मी चुकवलं.”

ती पहिल्यांदाच माझ्याशी घरच्या बोलीत बोलली. “मले वाटलं, तुमाले दिसत असन मनून तुमी स्पष्ट म्हनता. मले नाई दिसत, मनजे मीच कमी. मंग मी बी थेच लिवलं, स्पष्ट आहे.” तिने हातावरचं पीठ झटकलं. “मंग दोन वर्सं मी काहूनचा रकानाच नाई आखला.”

पंचवीस वर्षांच्या शिकवण्यात मला इतकं लागेल असं कोणी बोललं नव्हतं. माझे डोळे भरून आले. पिठाने भरले असं मी सांगितलं, आणि कोणी ‘काहून’ विचारलं नाही.

तिसरा दिवस, चौथा दिवस

पुढचे दोन दिवस आम्ही चक्कीत बसून काम केलं. लाइन असेल तेव्हा दळण, नसेल तेव्हा गणित. पुण्यातल्या माझ्या वातानुकूलित खोलीत चार वर्षांत जेवढं भांडलो नव्हतो तेवढं इथे भांडलो. प्रणालीने नवी वही काढली, पट्टीने रकाना आखला, आणि मी कोणतीही ओळ सांगितली की आधी उजवीकडे बोट ठेवायची. पहिल्या सकाळी मला तीन वेळा राग आला. दुपारपर्यंत मी स्वतःच कारण आधी सांगायला लागले.

वाट तिच्या जुन्या वहीतच होती. एक जागा मोकळी ठेवायची, बाकी सगळ्या जागी ज्यांच्या फक्त तिरक्या ओळीत आकडे आहेत अशा मॅट्रिक्स पक्क्या बसवायच्या. दगड बांधून ठेवायचा आणि धान्य बदलत जायचं. मग तिरक्या ओळीत सगळी शून्यं असलेली हवी ती मॅट्रिक्स बाहेर काढता येते, आणि बेरजेचा प्रश्नच उरत नाही, कारण दगड बदललेलाच नाही. आणि तिरकी बेरीज शून्य असलेली कुठलीही मॅट्रिक्स योग्य खिडकीतून पाहिली की तिच्या तिरक्या ओळीत शून्यंच दिसतात, हे आधीपासून माहीत असलेलं आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने हे रचलं होतं आणि मी त्यावर रेघ ओढली होती.

पण सगळं जमलं नाही. काही बहुपद्या अशा निघाल्या की बाकीच्या जागा बांधल्या की मोकळ्या जागेत काहीही घाला, बाहेर शून्यच. तिथे दगडच फिरत नव्हता म्हणा. एक अख्खी दुपार आम्ही त्यांच्यावर घालवली. मी दोन युक्त्या सुचवल्या, प्रणालीने दोन्ही मोडून दाखवल्या, दुसरी तर गहू चाळता चाळता. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तो मी पुण्यात कधी पाहिला नव्हता.

प्रबंधात ‘सर्व’ म्हटलं होतं तिथे आता ‘एवढ्या’ म्हणायचं होतं. प्रमेय लहान झालं होतं. मी असते तर उरलेल्या बहुपद्या एखाद्या तळटीपेत ढकलल्या असत्या. प्रणालीने शेवटच्या प्रकरणाला नवं पान जोडलं आणि त्या सगळ्या ओळीने मांडल्या. उजवा रकाना कोरा.

“हा असाच सोडणार?” मी विचारलं.

“खरंच माहीत नाही ना. ज्याला सापडेल तो भरेल.” मग म्हणाली, “मीच भरेन, बहुतेक.”

तेव्हा मला कळलं की ती परत येणार.

परीक्षकांना पाठवायच्या उत्तराचा मसुदा मी चौथ्या दिवशी सकाळी लिहिला. त्यात स्पष्ट म्हटलं की पान सत्तेचाळीसवरची अट आणि तिचं कारण विद्यार्थिनीच्या मूळ लेखनात होतं, मार्गदर्शक म्हणून मीच ते संक्षेपासाठी काढायला लावलं. प्रणालीने वाचताना विचारलं, “मॅडम, खरंच संक्षेपासाठी?”

“पानं वाढत होती ना गं,” मी म्हटलं आणि बॅगेची चेन लावायला लागले.

निघताना निर्मलाबाईंनी कळण्याच्या पिठाची पिशवी हातात ठेवली. पाटीवर माझं नाव चढलं होतं. नाव: पुन्याच्या मॅडम. धान्य: ज्वारी, उडीद. काहून: घरी भाकर शिकाले. मी सांगितलं की आमच्याकडे भाकरी करायला बाई येतात. त्या म्हणाल्या, “मंग थ्या बाईले इचारजा, पानी किती घालते अन काहून.” (हे मी परत आल्यावर केलं. आमच्या सुनंदाबाईंनी अर्धा तास सांगितलं. अकरा वर्षांत मी त्यांना काहीच विचारलं नव्हतं. माझ्या भाकरी अजून तव्यावरच तुटतात, पण आम्ही दोघी आता जास्त बोलतो.)

प्रणाली मला कारंज्यापर्यंत सोडायला येते म्हणाली, पण लाइन आली होती आणि दारात चार डबे होते. फाट्यावर तिने मसुद्याचा लिफाफा माझ्या हातात दिला. “मी थोडं तपासलंय. जाताना बघा. सोमवारी येते मी.”

पुन्हा कारंजा

कारंज्याच्या स्टँडवर या वेळी मी बोर्ड वाचला. मग कंडक्टरला विचारलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनाही विचारलं. तिघांचं एकमत झाल्यावर मूर्तिजापूरच्या गाडीत बसले. सुटायला वेळ होता, म्हणून लिफाफा उघडला.

माझ्या मसुद्याच्या उजव्या बाजूला तिने पट्टीने एक उभी रेघ आखली होती. साध्या पेन्सिलीने, पुसता येईल अशी. तिच्या डोक्यावर रकान्याचं नाव. दोन ठिकाणी तारखा दुरुस्त केल्या होत्या, एका ठिकाणी आकडा. बाकी रकाना रिकामा होता. फक्त एका ओळीत ‘संक्षेपासाठी’ या शब्दाभोवती बारीक गोल होता आणि समोर लिहिलं होतं, ‘काहून?’

मी बराच वेळ त्या गोलाकडे बघत बसले. गाडीत माणसं चढत होती, कोणीतरी संत्र्यांची पोती वर टाकत होतं. मला ती दुपार आठवली, दोन वर्षांपूर्वीची. वही माझ्या टेबलावर होती. ती अट मी तीनदा वाचली होती आणि ती तिथे कशाला हवी हे मला उमजलं नव्हतं. प्रणाली समोर बसली होती. तिला विचारणं सोपं होतं.

मी पिशवीतून पेन काढलं. हिरवंच होतं, दुसरं नव्हतं. ‘संक्षेपासाठी’ खोडलं आणि त्या जागी लिहिलं: ‘कारण ते मला कळलं नव्हतं, आणि विद्यार्थिनीला विचारायची लाज वाटली.’

असं वाक्य परीक्षकांच्या पत्रात कोणी घालत नाही. मी ते ठेवलं. पानाचा फोटो काढला आणि तिला पाठवला.

तिकडे चक्की चालू असणार, हात पिठाचे असणार, म्हणून उत्तराची आशा नव्हती. पण गाडी स्टँडमधून बाहेर वळायच्या आत ते आलं.

‘आता स्पष्ट आहे, मॅडम.’